पंधरा रकाने आणि एक मोल्सवर्थ

शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळख, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क.

संहिता एवढीच. पंधरा शब्द, त्यात क्रियापद एकही नाही. ‘डब्लिन कोअर’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. इंटरनेटवरच्या ऐवजाची ग्रंथालयी शिस्तीत नोंद कशी करावी, याचं आजवर सुचलेलं सगळ्यांत आटोपशीर उत्तर म्हणजे ही यादी. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि निकाल लागला की विसरतात. पाठांतरात तिची चव लागतच नाही. एखादी खरी वस्तू समोर घेऊन रकाने भरायला बसलं की यादी करणाऱ्यांची हुशारी कळू लागते, आणि त्यांनी कुठे अंग चोरलं तेही.

आधी जन्मकथा, थोडक्यात. हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात त्याच नावाचं गाव आहे आणि ग्रंथालयांची सहकारी संस्था ओसीएलसी हिचं मुख्यालय तिथे आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोच्या वेब परिषदेत चार-पाच जणांच्या गप्पांतून विषय निघाला आणि मार्च १९९५ मध्ये या गावात सुमारे ५० माणसं एकत्र बसली. त्यांत ग्रंथपाल होते, अभिलेखागारांत काम करणारे होते, संगणकवाले होते. ओसीएलसीचे स्टुअर्ट वायबेल पुढाकार घेणाऱ्यांत होते. वेबवरची पानं भराभर वाढत होती आणि शोधायची साधनं तोकडी होती. याहू म्हणजे तेव्हा स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हाताने लावलेली, विषयवार यादी होती. गूगल यायला अजून तीन वर्षं अवकाश होता.

ग्रंथालयांकडे साधन नव्हतं असं नाही, पण ते फार जड होतं. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या तालिकापत्रावरचा मजकूर संगणकाला कळावा म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम यांनी १९६० च्या दशकात ‘मार्क’ ही पद्धत बांधली. अत्यंत काटेकोर काम. त्यात शीर्षकाचं क्षेत्र २४५ क्रमांकाचं. त्याच्या आधी दोन अंक येतात आणि त्यातला दुसरा अंक सांगतो की अकारविल्हे लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची. इंग्रजी शीर्षक ‘ए डिक्शनरी’ असं सुरू होत असेल, तर तिथे २ लिहायचं: एक ‘ए’ आणि एक मोकळी जागा. मग पुस्तक ‘ए’खाली न जाता ‘डिक्शनरी’च्या जागी लागतं. असल्या बारकाव्यावर मी लुब्ध आहे. कुणीतरी वाचकाच्या बोटांचा इतका विचार केला होता! पण वेबवर पान टाकणारा भूगोलाचा प्राध्यापक हे दोन अंक भरील, ही आशा व्यर्थ. मार्कमध्ये वेबपत्त्यासाठी ८५६ हे क्षेत्र आलं, अनेक ग्रंथालयांनी मिळून इंटरनेटवरच्या निवडक गोष्टींच्या रीतसर नोंदीही केल्या. तरी एकेका नोंदीला प्रशिक्षित माणूस लागत होता आणि पानं त्याची वाट पाहणार नव्हती.

म्हणून ओहायोत ठरलं ते उलट्या दिशेने: भरणारा ग्रंथपाल नसेल असंच धरून चालायचं. यादीची खरी ताकद शब्दांत नाही, तिच्या तीन मोकळिकींत आहे. कोणताही रकाना सक्तीचा नाही. कोणताही रकाना कितीही वेळा भरता येतो. आणि रकान्यांना क्रम नाही. तालिकीकरणाच्या परंपरेत वाढलेल्या माणसांनी एवढं सोडून देणं म्हणजे त्यागच होता. पुढे १९९७ साली कॅनबेराच्या बैठकीत याच मोकळिकीवरून दोन तट उघड पडले. एका बाजूला आहे तेवढंच पुरे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला प्रत्येक रकान्याला पोटरकाने हवेत म्हणणारे. दोघेही बरोबर होते. त्यामुळे तंटा मिटला नाही आणि दोन्ही प्रकार शिल्लक राहिले.

सुरुवातीच्या यादीत रकाने तेरा होते. त्यात ‘कर्ता’ नव्हता, ‘लेखक’ होता. सप्टेंबर १९९६ मध्ये चित्रांच्या नोंदींवर वेगळी बैठक झाली आणि तिथे यादीचा पुस्तकी चष्मा उतरला. छायाचित्राच्या पोटात शोधण्याजोगे शब्द नसतात, म्हणून ‘वर्णन’ आलं. चित्र उचलून वापरणं सोपं, म्हणून ‘हक्क’ आले. लेखकाच्या जागीही पुढे छायाचित्रकार, मूर्तिकार, संगीतकार सगळे मावतील असा ‘कर्ता’ बसला. २००३ मध्ये हे पंधरा रकाने आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाले. इतिहास संपला, आता वस्तू समोर घेऊ.

वस्तू मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शोधता येतो. भाषांतर करणारी, शब्दांवर वाद घालणारी मराठी माणसं तिथे सतत जातात. या पानाची पंधरा रकान्यांत नोंद करायची आहे.

शीर्षक सोपं वाटतं. मुखपृष्ठावर इंग्रजीत ‘ए डिक्शनरी, मराठी अँड इंग्लिश’ असं आहे. पण तुम्हीआम्ही त्याला मोल्सवर्थच म्हणतो. ‘मोल्सवर्थ काय म्हणतो?’ असं विचारणाऱ्याला त्याचं छापील शीर्षक आठवतही नसतं. शीर्षकाचा रकाना दोनदा भरायची मुभा आहे, ती इथे फळते. एकदा छापील नाव, एकदा लोकांच्या तोंडचं.

कर्ता? जेम्स थॉमस मोल्सवर्थ. पण शीर्षकपानावर त्यांना साहाय्य करणारे म्हणून जॉर्ज आणि थॉमस कँडी यांची नावं आहेत, ते सहकर्ता. दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी जॉन विल्सन यांचा मराठी भाषेवरचा निबंध आहे, तेही सहकर्ता. आणि ज्या शास्त्रीपंडितांनी शब्द गोळा केले, पारखले, अर्थांवर खल केला, त्यांचं काय? शीर्षकपानावर त्यांना जागा मिळाली नाही. डब्लिन कोअर असं म्हणत नाही की शीर्षकपानावर असेल तेवढंच लिहा. सहकर्त्याचा रकाना कितीही वेळा भरा, कुणाची ना नाही. मात्र भरायची आठवणही ती करून देत नाही. तिची उदारता ही अशी आहे: दार उघडं, पण बोलावणं नाही. जुन्या तालिकापत्रात या माणसांना जागा नव्हती म्हणून ती राहिली. इथे जागा असूनही ती राहतात, तेव्हा दोष यादीवर ढकलता येत नाही.

आता खरी गंमत, दिनांक. १८५७? ते तर पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं साल. पहिली १८३१ ची. आपण नोंद करतोय ती वेबवरच्या कोशाची, जो विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर कधीतरी पडद्यावर आला. १८५७ मध्ये वेबपान नव्हतं आणि आजच्या पानाला मुंबईच्या छापखान्याची शाई लागलेली नाही. नेमक्या याच पेचासाठी डब्लिन कोअरच्या मंडळींनी एक तत्त्व मांडलं: एक नोंद, एक वस्तू. मोनालिसाच्या छायाचित्राची नोंद करताना कर्ता म्हणून लिओनार्दो लिहायचा नाही, असं त्याचं नेहमीचं उदाहरण. चित्राची नोंद वेगळी, छायाचित्राची वेगळी, आणि दोघांना जोडणारा धागा ‘स्रोत’ किंवा ‘संबंध’ या रकान्यात.

हे तत्त्व लावलं की मोल्सवर्थची नोंद उलगडत जाते. प्रकाशक शिकागोचं विद्यापीठ; दिनांक वेबआवृत्तीचा; स्रोत म्हणजे मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात सरकारसाठी छापलेली १८५७ ची प्रत. पण मग वर ‘कर्ता’मध्ये आपण मोल्सवर्थ लिहिलं ते कसं काय? तत्त्व शेवटपर्यंत ताणलं तर तिथे वेबआवृत्ती घडवणाऱ्यांची नावं हवीत, आणि तसं केलं तर कोशकाराच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. इथे बहुतेक नोंदकार तत्त्वाला वळसा घालून वाचकाची बाजू घेतात. मीही तेच करीन. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा. तो मोनालिसाच्या तत्त्वापेक्षा मला वडीलधारा वाटतो.

‘संबंध’ हा या पंधरांतला माझा आवडता रकाना. बाकीचे रकाने वस्तूकडे एकटी म्हणून बघतात, हा तिचं गणगोत विचारतो. पोटरकाने वापरले तर ‘याचा भाग’, ‘याची आवृत्ती’, ‘याचं दुसरं रूप’ असं नेमकं नातंही सांगता येतं. मोल्सवर्थ ज्या कोशसंग्रहाचा भाग आहे त्यातच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि थॉमस कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. बाबा पदमनजी यांनी मोल्सवर्थचा संक्षेप केला. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतने शुद्ध केलेलं पुनर्मुद्रण काढलं; आपल्यापैकी अनेकांच्या घरी जो जाडजूड ठोकळा असतो तो हाच. हे सगळं एका रकान्यात, एकाखाली एक लिहून बघा. मराठी कोशकार्याच्या जवळजवळ दीडशे वर्षांची वंशावळ उभी राहते. तालिकापत्रावर ‘हेही पहा’ एवढं लिहून भागवावं लागे.

प्रकार आणि स्वरूप यांत फारसा रस नाही. कोश हा मजकूर म्हणावा, विदासंच म्हणावा की वापरणाऱ्याशी देवघेव करणारं साधन, यावर तासभर वाद घालता येतो आणि तासाभराने तिन्ही लिहिता येतात. हक्क: १८५७ च्या मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही, वेबआवृत्तीच्या अटी शिकागोवाल्यांच्या. ओळख म्हणजे पत्ता. वेबचे पत्ते बदलतात, म्हणून ओसीएलसीनेच नव्वदीच्या मध्यावर कायमच्या पत्त्यांची एक सोय काढली होती. पुढे चला.

दिनांकाकडे मात्र पुन्हा येतो, कारण मराठी पुस्तकं भरताना तो सगळ्यांत जास्त छळतो. यादीची शिफारस आहे की तारीख आयएसओच्या वळणाने लिहावी: आधी साल, मग महिना, मग दिवस, ठाऊक असेल तेवढंच. आता मुखपृष्ठावर नुसतं ‘शके १८०९’ असलेलं पुस्तक घ्या. त्यात ७८ मिळवले की १८८७. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पुस्तक माघ-फाल्गुनात निघालं असेल तर १८८८. जुना तालिकाकार ‘१८०९’ लिहून पुढे चौकटी कंसात दोन्ही इसवी सन टाकायचा. चौकटी कंसाचा अर्थ ‘हे पुस्तकात नाही, मी घातलं आहे’ असा. केवढा प्रामाणिकपणा होता त्या दोन काट्यांत! पंधरा रकान्यांत अशी खूण नाही. तुमचा तर्क आणि पुस्तकाचं म्हणणं शेजारीशेजारी बसतात आणि सारखेच दिसतात. त्यातून काही सॉफ्टवेअरांना पुरी तारीखच लागते. मग साल तेवढं ठाऊक असलेली पुस्तकं १ जानेवारीला जन्मतात, जशी शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिल्यामुळे आपल्याकडची एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली. एखाद्या अंकीय संग्रहात तर दिनांकाच्या जागी स्कॅन केल्याची तारीख वर येते आणि टिळकांच्या काळातलं पुस्तक एकविसाव्या शतकातलं ठरतं.

‘व्याप्ती’ हा रकाना मला पटलेला नाही. विषय कुठल्या प्रदेशाचा आणि कुठल्या काळाचा, हे दोन्ही त्यात एकत्र कोंबलंय. ‘पेशवाई’ लिहिलं तर तो काळ समजावा की मुलूख? ‘मुंबई इलाखा’ हा प्रदेश खरा, पण तोही एका काळापुरताच. रंगनाथन यांच्या कोलन वर्गीकरणात पाच मूलभूत कोटी आहेत आणि त्यात स्थळ आणि काळ स्वतंत्र आहेत. ही फोड कितीतरी आधी होऊन बसली होती. ओहायोत ती कुणी विचारात घेतली असती तर पुढे पोटरकाने काढून स्थळ-काळ वेगळे करण्याची पाळी आली नसती.

विषयाच्या रकान्यात यादी जवळजवळ गप्पच बसते. शब्द लिहा, शक्यतो ठरलेल्या शब्दसूचीतले लिहा, एवढंच. ८९१.४६ हा आकडा महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचनालयांच्या कपाटांवर रंगवलेला असतो. ड्युईच्या वर्गीकरण पद्धतीत तो मराठी साहित्याचा, भाषेचा ४९१.४६. तो इथेही लिहिता येतो, आणि लिहिला की शिकागोतलं पान आणि तालुक्याच्या वाचनालयातलं कपाट एकाच क्रमात येऊन बसतात. पण लिहा असं यादी म्हणणार नाही.

नावांचंही तसंच. राम गणेश गडकरी यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. ग्रंथालयाकडे यासाठी अधिकृत नावांची नोंदवही असते. तिथे ठरतं की तीन नावं स्वतंत्र ठेवून एकमेकांकडे बोट दाखवायचं, की सगळं एकाच्या खाली आणायचं. डब्लिन कोअरमध्ये ही नोंदवही नाही. एकाने ‘गडकरी, रा. ग.’ लिहावं, दुसऱ्याने ‘राम गणेश गडकरी’, तिसऱ्याने रोमन लिपीत काहीतरी, आणि शोधणाऱ्याला वाटावं की हे चार-पाच वेगवेगळे गृहस्थ आहेत. यादी हलकी आहे ती अशी. तिने आपलं वजन नोंदकाराच्या खांद्यावर दिलंय. म्हणूनच या पंधरा शब्दांचं रसग्रहण नुसतं मूळ यादी वाचून होत नाही. कुणी भरलेली नोंद वाचावी लागते. तिच्यात भरणाऱ्याची इयत्ता दिसते.

वेबवाल्यांनी स्वतःच आपापल्या पानाच्या माथ्यावर हे रकाने भरावेत, ही मूळ आशा फसली. पान पुढे यावं म्हणून लोक खोटे विषय लिहू लागले. गूगलने २००९ मध्ये जाहीरच केलं की पानाच्या माथ्यावरचे ‘कीवर्ड’ आपण क्रम लावताना विचारात घेत नाही. २००१ मध्ये लेखक कोरी डॉक्टरो यांनी अशा नोंदींच्या, म्हणजे मेटाडेटाच्या, या भाबडेपणाची एका लेखात यथेच्छ टर उडवली होती: माणसं खोटं बोलतात, आळस करतात. बरोबरच होतं ते. पण जिथे खोटं बोलून कुणाचा फायदा नव्हता, तिथे यादी रुजली. २००१ मध्येच संग्रहांनी एकमेकांच्या नोंदी उचलून नेण्याची ओएआय ही पद्धत आली, आणि तिने अट घातली की प्रत्येकाने निदान डब्लिन कोअरमध्ये तरी नोंद द्यावी. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये ‘डीस्पेस’ हे सॉफ्टवेअर काढलं ते हेच रकाने पोटात घेऊन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह त्यावर चालतो. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांतले मराठीतले प्रबंधही तिथे मिळतात.

डीस्पेसमध्ये एक मजेशीर विसंगती आहे. त्यात लेखक ‘कर्ता’मध्ये नसतो, तो ‘सहकर्ता’चा पोटरकाना असतो, आणि मार्गदर्शकही त्याच सहकर्त्याचा दुसरा पोटरकाना. डब्लिन कोअरचा एक नियम असा की पोटरकाना काढून टाकला तरी उरलेलं विधान खरं राहिलं पाहिजे. नियम अक्षरशः लावला तर संशोधक आणि मार्गदर्शक दोघेही नुसते सहकर्ते उरतात, आणि प्रबंधाला कर्ताच राहत नाही. व्यवहारात म्हणून नोंद बाहेर देताना लेखकाला तेवढं उचलून ‘कर्ता’मध्ये नेऊन बसवतात. मार्गदर्शक आहे तिथेच राहतो. प्रबंध लिहिलेल्या कुणालाही यात काय न्याय आहे ते सांगावं लागणार नाही.

भाषेचा रकाना शेवटी ठेवला, कारण त्याने आपलं काम सगळ्यांत निमूटपणे वाढवलंय. मराठीची खूण ‘एमआर’ किंवा तीन अक्षरी ‘एमएआर’. मोल्सवर्थला ती एकदा आणि इंग्रजीची एकदा. मोडी कागदाला नुसती मराठीची खूण पुरत नाही. देवनागरी तेवढी येणारा वाचक भाषा बघून कागद मागवतो आणि हात चोळत बसतो. आता भाषेच्या खुणेला लिपीची खूण जोडता येते आणि मोडीला स्वतःची खूण आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरासारख्या संग्रहाच्या नोंदीत एवढी एक जोडणी शेकडो फेऱ्या वाचवील.

आणि हा रकाना आता तुमच्या फोनमध्येही आहे. ई-पुस्तकाचं ईपब हे रूप म्हणजे खरं तर झिप केलेला गठ्ठा. फाइलचं नाव बदलून तो सोडवला की आत बहुधा ‘ओपीएफ’ शेवट असलेली एक मजकुराची फाइल मिळते. तिच्या माथ्यावर आपले ओहायोचे रकाने उभे असतात. त्यातले शीर्षक, ओळख आणि भाषा हे तीन इथे सक्तीचे. मराठी कादंबऱ्यांचे असे गठ्ठे सोडवून बघितले तर भाषेच्या जागी ‘ईएन’ आढळणं नवलाचं नाही. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने आपणहून इंग्रजी टाकलं आणि कुणी बघितलं नाही. मग वाचून दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर इंग्रजी आवाज निवडतं आणि देवनागरीपाशी अडतं. डोळ्यांनी न वाचू शकणाऱ्या माणसासाठी पुस्तक तिथेच बंद झालं. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे. फक्त गठ्ठा परत बांधताना ‘माइमटाइप’ नावाची चिमुकली फाइल सगळ्यांत आधी आणि न दाबता ठेवायची, नाहीतर काही वाचनयंत्रं ते पुस्तक पुस्तक म्हणून ओळखतच नाहीत.